लिंबाचा डाग

— आईशपथ सांगतो मितेशभाऊ, ह्या चाकूचं टोक बिबट्याच्या दातात मोडलं. आमच्या दिघाशी गावात, भर दुपारी. हसताय काय? त्याने जबडा उघडला, मी चाकू आडवा घातला — आडवा नाय, उभा — आणि बिबट्या तसा लहानच होता, मांजराएवढा — बरं, मांजरच म्हणा. तुम्ही पार्सल घ्या. चाकू चालत नाय? अहो, ज्या कंपनीने बनवला तिच्याकडेच दुरुस्तीला चाललाय! अख्खा धामणकर नाका म्हणतो, कुरियर करायचं तर मितेशकडे.

नीट गुंडाळा. वर मोठ्या अक्षरात लिहा — टोक नवीन काढा, पात्यावरचा काळा डाग घासू नका. लिंबाचा हाय तो. आमच्यात हळद लागली की नवऱ्याच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचून. अक्षता पडेपर्यंत हातातून सोडायची नाय. केसरीनाथच्या हळदीला — पोरगा माझा, कापडाच्या लूमवर कामाला होता — कट्यार राहिली मामाच्या घरी. बायका ओरडायला लागल्या. ह्याने खिशातून धागे कापायचा हा चाकू काढला, म्हणाला, बाबा, ह्यालाच लावा लिंबू, नवरी काय माप घेणार हाय? काय हसलो! आणि लग्न म्हणजे — सात गावं जेवली, बँडवाले वाजवून वाजवून मांडवातच झोपले. आता त्याची आई म्हणते, फोटोपुढे मोडका चाकू नको — कसला फोटो काय? लग्नाचा. तुम्ही चिकटपट्टी लावा.

काय? माझ्या फोनवर कंपनीचा मेसेज? वाचा, माझा चष्मा घरी राहिलाय. पातं नवीन बसवणार? आणि हे? भंगारात?

नाय, नाय. द्या इकडे. फाडा ते खोकं. टोक लिंबातच मोडलं हो — वाळून लाकूड झालं होतं, मी उपटायला गेलो. इतके दिवस कोणी काढलंच नव्हतं. कोण काढणार? लग्नाच्या सकाळी केसरीनाथ बाईक काढून मामाकडे कट्यार आणायला गेला, आईला बरं वाटावं म्हणून. हळदीच्या अंगाने बाहेर पडू नये म्हणतात. चाकू देव्हाऱ्यात ठेवून गेला. परत बाईक तेवढी आली, टेम्पोत.

लग्न तेवढं मी पदरचं घातलं, मितेशभाऊ. सात गावं आली होती, ते खरं. जेवलं नाय कोणी.

बघताय काय? मागे लाईन लागलीय. घ्या पुढचं.