गाडी पाहायची त पौषात

माहा जन्म कळमेश्वरचा. आता तिथी कारखाने झाले, तवा काई नव्हतं, एक बजार भरे अन चार पिठाच्या चक्क्या होत्या, त्यातल्या एका चक्कीवर माहा बाप इंजिनापाशी कामाले होता. सकायी इंजिन चालू कराचं, पट्टा चढवाचा, तेल टाकाचं, संध्याकायी बंद कराचं, जिंदगीभर त्यानं हेच केलं. मी त्याच्याजवय बसून राहो, म्हणून मले इंजिनाचा आवाज समजे, कोन्या पोराले भजन समजते तसा. बाप गेला तवा मी सोळाचा होतो अन माही बहीण सुमन नऊ वर्साची, माय त आधीच गेल्ती. मंग सुमनचा हात धरला अन नागपूरले आलो, लकडगंजात, एक उस्ताद होते त्यांच्या गॅरेजात. मांगं पत्र्याची खोली देली त्यानं, तिथीच राहो आम्ही दोघं. सुमनले लहानपणापासून दमा. चक्कीतलं पीठ छातीत गेलं का काय झालं, देव जाणे. उन्हायात ठणठणीत राहे, थंडी पडली का झालं, रातभर उशी पोटाशी धरून बसून राहे, अन मी तिची पाठ चोळत बसो. मायचं काम बी मीच केलं अन बापाचं बी मीच केलं, हे सांगाची गोष्ट नाई पण सांगतो, कारण पुढचं समजलं पाहिजे तुम्हाले.

काय सांगू तुम्हाले, माहं नाव झालं थे गाडी दुरुस्त करण्यानं नाई झालं, जुनी गाडी पाहून देण्यानं झालं. नवी गाडी कोनाले भेटे तवा? नंबर लावा अन वर्सानुवर्सं वाट पाहा. म्हणून मास्तर म्हणा, वकील म्हणा, दुकानदार म्हणा, सारे जुनीच घेत, अन घ्याच्या आधी मले घेऊन जात. माहा एकच नियम होता, न सांगता जाचं अन भल्या सकायी जाचं. गेल्या गेल्या बोनेटवर पंजा ठेवाचा. गरम लागलं का मी चहा बी न पिता वापस. कारण इकनारा काय करे, तुम्ही येनार म्हणून आधीच इंजिन चालू करून गरम करून ठेवे, मंग गरम इंजिन काय, मेलेलं बी चालू होते. लय हुशार लोक पाह्यले मी. आमच्या लकडगंजात आरा मशीनी, भुश्श्याले तोटा नाई, त एकानं गिअरबॉक्सात भुसा भरला होता, आवाज येऊ नये म्हणून. मी म्हणलं शेठ, गाडी इकता का सरपण इकता. पंजा मिस्त्री म्हणत मले सारे. घमेंड होती मले, आता कबूल करतो, माह्या पंजाची लय घमेंड होती.

आता पेट्रोल का डिझेल, हे सारे इचारत. मी सांगो, बाप्पा, पेट्रोल इंजिनाचं दुखणं उघडं असते. प्लग ओला झाला, पॉइंट जळला, पुसा, घासा, हँडल मारा, चार हँडलात नाई त दहा हँडलात चालू होते. डिझेलचं तसं नाई. त्याले ठिणगी नसते, थे आतल्या हवेच्या दाबानं पेटते. पिस्टनच्या रिंगा घासल्या का दाब कमी होते, दाब कमी झाला का पेट घेत नाई. पण उन्हायात समजत नाई हे, मुख्य गोष्ट इथीच आहे. आपल्या नागपूरचा उन्हाया तुम्हाले माहीत आहे, हवाच भट्टी होऊन राहते, त घासलेलं इंजिन बी अर्ध्या सेल्फात चालू होते. सकायी पाच वाजता पंजा ठेवला तरी बोनेट गरमच लागते, मंग पंजा काय सांगन? म्हणून डिझेल गाडी पाहाची त पौषात पाहाची, आंगणात उघड्यावर रातभर उभी ठेवून. हे मी साऱ्या गावाले सांगो.

सुमनचं लग्न खाप्याले करून देलं. जवाईबुवाचं कपड्याचं दुकान होतं, घर चांगलं, माणूस बी चांगला, वाईट नाई म्हणनार मी. आमच्याकडची रीत तुम्हाले माहीत असन, जवाई वयानं लहान असला तरी त्याच्या पाया पडा लागते, अन भाचे-भाच्या त देवासारख्या, मामानं त्यांच्या पायावर डोक्सं ठेवाचं. मी जवाईच्या पाया पडो, थो मले दादा म्हणे. एक पोरगी झाली, मीना. सारं ठीक होतं, पण सुमनचा दमा वाढत गेला. थंडीत असा जोर करे का खाप्याच्या डॉक्टरच्या हातात राहे नाई, नागपूरले आना लागे, ऑक्सिजन लागे. एका हिवायात त एसटीत उभ्यानं आनली तिले, ओठ निये पडले होते. तवा जवाई म्हणाले, दादा, आता घरची गाडी घेतो. अन सुमन मले बाजूले घेऊन म्हणे, दादा, तूच पाह्य गाडी, मोठी नसली तरी चालन, रंग नसला तरी चालन, मले नागपूरपावतर नेईन अशी पाह्य. एवढंच मांगतलं तिनं. दुसरं जिंदगीत काई मांगतलं नाई तिनं मले.

पेट्रोल एकदम भडकलं होतं त्या वर्सी. दोन गाड्या होत्या माह्या नजरेत. एक रिटायर मास्तरची, पेट्रोलची, रंग उडालेला, सीट फाटलेली, पण इंजिन म्हणजे घड्याळ. हिवायातच पाहून ठेवली होती मी. दुसरी एका लाकडाच्या व्यापाऱ्याची, गाडी पेट्रोलची पण मांगून तिच्यात डिझेल इंजिन बसवलेलं, कोन्या व्हॅनमधलं जुनं. वरून रंग असा का तोंड पाहून घ्या. जवाईच्या मनात थेच भरली. त्यांचा हिशेब बी चूक नव्हता, डिझेल स्वस्त, मांगं कपड्याचे गठ्ठे बी येतीन. अन मुहूर्त काढला अक्षय तृतीयेचा. मी म्हणलं, जवाईबुवा, घ्याची त दिवायीनंतर घेऊ, थंडीत पाहून घेऊ. म्हणे घरात लक्ष्मी आनाची त याच मुहूर्तावर आनाची, साडेतीन मुहूर्तातला आहे, माहे वडील बी दुकान याच दिवशी उघडून गेले.

त्या रोजी लकडगंजातच, व्यापाऱ्याच्या आंगणात सारे जमलो. ऊन असं का डांबर पायाले चिटकून राहिलं. गाडी चालू केली, पट्टकन चालू. मी चालू इंजिनावर तेलाचं झाकण काढलं, त आतून धूर फुकफुक बाहेर येऊन राहिला. म्हणजे रिंगा गेल्या. मी जवाईले म्हणलं, हे इंजिन खोला लागन, नाई त मास्तरची घ्या. व्यापारी तिथीच, जवाईचे दोन मित्र तिथीच, व्यापाऱ्याचा ड्रायव्हर तिथीच. जवाई हासले अन म्हणाले, काहून मिस्त्री, मास्तराकडून काई भेटनार आहे का तुम्हाले? मजाकच केली असन त्यानं. पण दादा म्हणनारा माणूस चारचौघांत मिस्त्री म्हणला, अन त्यातही दलाली काढली. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाकण लावलं, हात पुसले, म्हणलं, घ्या मंग, तुमची मर्जी. अन भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. तिकून सुमन आली, मांगं मीना, सुमनच्या हातात आरतीचं ताट, नवं लुगडं नेसलेली. बोनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवला, अन नारळ फोडाच्या आधी माह्याकडे पाहून म्हणे, दादा, चांगली आहे ना गाडी?

मी म्हणलं, हो वं, चांगली आहे.

काहून म्हणलं? हजारदा इचारलं मी मले. रागात होतो हे खरं. वाटलं, बिघडन चार महिन्यांनी, येईन माह्याच दारात, तवा सांगीन जवाईले. माणूस किती हलका होते पाहा. बहिणीले फसवाचं नव्हतं मले, जवाईले धडा शिकवाचा होता, अन मधे बहीण बसली होती हे त्या घडीले मले दिसलं नाई. मांगून पस्तावलो. दसऱ्याले सांगतलं, गाडी आना, मी इंजिन खोलून देतो, मजुरी नोको मले. जवाई म्हणे लग्नसराई होऊन जाऊ द्या दादा. गाडी तवा मस्त चालून राहिली होती नं.

पौषात मीच गेलो खाप्याले. संक्रांत जवय आल्ती, सुमनले वाण घेतलं, अन पिशवीत नवा रिंग सेट बी घेतला, का आता तिथीच बसून इंजिन खोलतो, कोनाले इचारत नाई. सांजच्या एसटीनं पोचलो. सुमन चांगली होती, भाकर टाकली तिनं माह्यासाठी, भरीत केलं. म्हणलं सकायी खोलू इंजिन.

सकायी सहाचा सुमार असन, कन्हान नदीकडून धुकं आलं होतं, असा गारठा का हात दिसे पण बोटं जानवत नव्हती. सुमनले दम लागला. डॉक्टर आले, सुई देली, म्हणे इथी ठेवू नका, न्या. जवाईनं तिले शालीत गुंडाळून मांगच्या सीटवर बसवलं, मीना तिच्याजवय, बारा वर्साची होती तवा. मी बोनेटवर पंजा ठेवला. बर्फ. इंजिन तापवाचा हीटर देला, तीसपावतर मोजलं, सेल्फ मारला. नुसती घरघर. पुन्हा हीटर, पुन्हा सेल्फ. गरम पानी टाकलं, चिंधी पेटवून हवेच्या नळीपाशी धरली, जे जे उस्तादानं शिकवलं थे सारं केलं. बॅटरी बसली. मंग मोहल्ल्यातले आठ-दहा जन जमले, नदीच्या उताराकडे ढकलली. पांढरा धूर निघे अन पेट घेत नव्हती, अन थो धूर गाडीत जाये, सुमन खोकून राहिली. मी ओरडलो उतरवा तिले. दार उघडलं, तिचा हात धरला, तिले बोलता येत नव्हतं, तरी माह्याकडे पाहून म्हणे, होईन दादा, होईन चालू.

संत्र्याचा एक ट्रक भेटला, त्याले बी तास गेला. कोराडीच्या अलीकडे सुमन गेली. माह्याच मांडीवर गेली. पाठ चोळून राहिलो होतो मी, गेली हे बी मले जरा उशिरा समजलं.

तेरवीच्या दिवशी जवाईनं माह्यासमोर हात जोडले. म्हणे, दादा, तुम्ही नाई म्हणलं होतं, मीच आयकलं नाई, मीच मारलं तिले. लहान पोरासारखे रडले. काय सांगू तुम्हाले, त्या घडीले माह्या तोंडाशी आलं होतं का जवाईबुवा, तुम्ही चुकलात, पण तिनं मले इचारलं होतं अन मी हो म्हणलं होतं. मी मास्तरची घे वं म्हणलं असतं त तिनं नारळ फोडला नसता, तिनं हट्ट धरला असता त तुम्ही आयकलं असतं. सारं मनात होतं. पण मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला अन म्हणलं, असू द्या, तिचे भोग होते. त्यानं थो दगड एकट्यानं उचलला अन मी उचलू देला. दुसरं लग्न केलं नाई त्यानं. दुकानात बसे, कोनाशी बोले नाई. दरवर्सी म्हणो, जातो, सांगून टाकतो. अन गेल्या पावसायात जवाई गेले. आता कोनाले सांगता?

मी गाड्या पाहणं सोडलं नाई, पोटाचा सवाल होता. पण उन्हायात एक गाडी पाह्यली नाई. लोक अक्षय तृतीयेले येत, मी म्हणो पौषात या, लोक हासत, म्हणत मिस्त्री म्हातारे झाले. हासू द्या.

या पौषात मीना आली. तिचा नवरा कळमेश्वरलेच नोकरीले आहे, पाहा कसं असते. म्हणे मामाजी, जुनी गाडी घेऊन राहिलो, पेट्रोल घेऊ का डिझेल, तुम्ही पाहून द्या. पेट्रोलचीच पाह्यली मी. आदल्या दिवशी इकनाऱ्याले एवढंच सांगून ठेवलं, उघड्यावर ठेवा, येनार कवा थे नाई सांगतलं. सकायी गेलो, पंजा ठेवला, गार. चालू केली, बंद केली, तीनदा केली. झाकण काढलं, हात धरला, धूर नाई. तवा मीना म्हणे, मामाजी, चांगली आहे ना गाडी? तेच शब्द, आवाज बी तिच्या मायचाच. मी पायरीवर बसलो अन सारं सांगून टाकलं, मजाक, राग, भिंत, ताट, हो वं, सारं. म्हणलं तुह्या बापानं नाई मारलं वं तुह्या मायले, मी मारलं.

पोरगी माह्याजवय पायरीवर बसली. मंग म्हणे, आईले माहीत होतं मामाजी. त्याच रोजी वापस जाता जाता गाडीत मले हळूच म्हणे, तुह्या मामाले ही गाडी पसंत नाई, त्यानं माह्या तोंडाकडे पाहून हो म्हणलं नाई. मी म्हणलं, मंग काहून बसली वं थे त्या गाडीत? मीना म्हणे, मी बी हेच इचारलं होतं. त आई म्हणे, आता मी नाई म्हणलं त भावाची बाजू घेतली असं होईन, अन हे दोघं जिंदगीभर बोलनार नाई एकमेकाशी. गाडी काय, भाऊ दुरुस्त करून देईन.

भाऊ दुरुस्त करून देईन. असं म्हणे.

निघतानी मीनाच्या पाया पडलो. रीतच आहे आमची, मामानं भाचीच्या पाया पडाचं, आजपावतर किती वेळा पडलो असन. पण त्या रोजी डोक्सं तिच्या पायावर ठेवलं त मले उचलनं झालं नाई. तिनंच दोन्ही हातानं धरून उठवलं, म्हणे उठा मामाजी, गारठा आहे. सुखी राहो पोरगी. गाडी तिची चांगली आहे, हे मी तिच्या तोंडाकडे पाहून सांगतलं. रिंग सेट अजून आहे माह्यापाशी, पेटीत, तेलकट कागदात. त्या इंजिनाची गाडी आता कोनाजवय नाई, तरी फेकवत नाई. तुम्हाले कवा जुनी गाडी घ्याची असन त या, आहे तवपावतर पाहून देईन. पण पौषात या.