सोडलेली जागा

घशाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर दोघी बहिणी माझ्या शेजारच्या बाकावर बसल्या होत्या. धाकटीचा आवाज वाळक्या पानासारखा खरखरत होता.

"ताई, ऑपरेशननंतर आवाज परत येईलच असं नाही म्हणाले."

"येईल गं. विद्यापीठात कळवलंस का?"

"कळवलं, पण कुणाचं काही अडलेलं नाही. जर्मनचे सगळे धडे ॲपमध्ये माझ्याच आवाजात आहेत. मुलं त्यावरच बोलायचा सराव करतात. मी रजेवर आहे हे निम्म्यांना ठाऊकही नाही."

"म्हणजे घरी बसून शिकवतेस. मजा आहे बाई तुझी."

"हसू नकोस. मला त्याचीच धास्ती वाटते. इतकं बोलून ठेवलंय, पण त्यात माझ्या लेकीसाठी एक शब्द नाही. आवाज गेलाच, तर तिला काय जर्मनचा धडा ऐकवणार?"

"मग आत्ता बोल. हा बघ, फोन सुरू केला. सकाळी कशी उठवतेस तिला?"

"इथे? लोक बघतायत."

"बघू देत. आता आपलाच नंबर आहे."

"नीट धर मग, जरा जवळ. चिमणे, ऊठ गं बाळा. उजाडलं बघ."

"थांबलीस का? बोल की पुढे."

"धड्यातही मी अशीच थांबते, मुलांना उत्तर देता यावं म्हणून."

"अगं, पण इथे कोण उत्तर देणार?"

"ती रोज म्हणते ना, 'थोडंसंच झोपू दे, आई.' तेवढी जागा सोडतेय."