विशालाक्षीमामींचा रिसीव्हर

...नाही, पण मी म्हणतो, गिऱ्हाईक बाई असली म्हणून काय झालं? दुकानात पाय टाकला रे टाकला की पहिला प्रश्न, ‘मामी, बरोबर कोण आलंय?’ अहो, काय हवंय ते विचारा ना! आणि तुम्हाला सांगतो, कुंभकोणममध्ये सगळं मिळतं... पितळेची समई घ्या, विड्याची पानं घ्या, कॉफीच्या डबरा-पेल्यापासून देवाच्या दागिन्यांपर्यंत सगळं... पण विशालाक्षीमामींना हवा होता रिसीव्हर!

पहिल्या दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला. ‘टेलिफोनचा? तो आता कोण वापरतो, मामी?’ टेलिफोनचा नव्हे हो! पिकअपच्या मागं, पोटाखाली, चासीला एक चौकोनी लोखंडी नळा बसवतात, त्यात हुकाचा दांडा सरकवायचा, आडवी खीळ घालायची आणि ट्रेलर ओढायचा. तो नळा म्हणजे रिसीव्हर. एवढं साधं! पण सांगायचं कुणाला?

मामी तिथल्याच मेलकावेरीच्या, घरात तंजावरी मराठी. यजमान चंद्रमौली, लग्नाकार्यांतले नावाजलेले आचारी, पण नजर अधू, म्हणून घरची ती हत्तीएवढी पिकअप चालवायच्या मामी. नऊवारीत! तर या चंद्रमौलींनी कोइमतूरला चुली बसवलेला ट्रेलर करायला टाकला... आणि ट्रेलर दारात आला तेव्हा त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. आता बोला! लेक पवित्रा बेंगळुरूहून म्हणाली, ‘अम्मा, दोन्ही विकून टाक, सुटशील.’ सुटशील! कशातून, ते नाही सांगितलं. मामींनी काय करावं? सुंदरपेरुमाळ कोयिल गावातल्या एका लग्नाचा चारशे पानांचा स्वयंपाक अंगावर घेतला! गुरुवारचं लग्न. गाडी तयार, ट्रेलर तयार, यजमानांच्या हाताखालचे आचारी तयार... जोडायचं कशानं?

दुसरं दुकान. तिथं एक चकचकीत हूक. ‘बंपरला ठोकून देतो मामी, दहा मिनिटांत! बरोबर कोण...’ मामी म्हणाल्या, ‘मज कुणी नको. बंपरला ठोकशील तर ट्रेलर बंपर घेऊन वाटेत राहील, आणि मी एकटीच लग्नाला पोचेन.’ तिसरीकडे अडीच इंची नळा. ‘मोठी गाडी, मोठंच घ्या!’ का? चप्पल घेताना पाय बघतात की घर बघतात? ट्रेलरचा दांडा दोन इंची. मोठ्या नळ्यात मधे तुकडा घाला, मग तो खडखडणार, मग...? पण ऐकतो कोण! कुंभकोणममध्ये सगळं मिळतं हो, कान तेवढे मिळत नाहीत.

शेवटी नटराज वेल्डर भेटला. त्यानं बरोबर कोण आहे ते विचारलं नाही, वजन विचारलं! भरलेला ट्रेलर किती? आणि हुकावर दाब किती? झालं, मामी निघाल्या. भाताच्या गिरणीतल्या काट्यावर भांड्यांसकट ट्रेलर चढवला, शेजारच्या ट्रॅक्टरनं ओढून! एकोणीसशे किलो. मग हुकावर टेकणारं ट्रेलरचं नुसतं नाक तोलून घेतलं. एकशे ऐंशी. काथ्याच्या दोरीनं त्या नाकाची जमिनीपासूनची उंची मोजली, कारण ट्रेलर पुढं कलला तर सांबार कुठं जाईल, सांगा! मामींनी हे आकडे लिहून आणलेला कागद नटराजनं वाचला आणि हात जोडले. अडीच हजार किलो ओढणारा, दोन इंची, चासीला दोन्हीकडून बोल्टानं आवळायचा. चेन्नईच्या कंपनीतून मागवला. आला. बसला. पुरुषभर उंचीची गाडी, तिच्याखाली वाकून मामींनी स्वतः एकेक बोल्ट पाना लावून पाहिला.

बुधवारी सकाळी मामी गाडी मागं घ्यायला बसल्या. आणि तेव्हा, तुम्हाला सांगतो... ट्रेलर जोडायला माणसं दोन लागतात हो! एक चालवायला, एक मागं उभं राहून हात हलवायला. ट्रेलर नव्हता तेव्हाही, इतकी वर्षं गाडी लावताना चंद्रमौली मागं उभे राहायचे, कुठल्याही अंगणात, कुठल्याही गल्लीत. नजर अधू, पण आवाज केवढा! ‘वा... वा... वा...!’ तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ‘ये’. आणि घरात बोलायची मराठी, तिथं ‘वा’ म्हणजे शाबासकी! गाडी लावता लावता बाईला रोज फुकटची शाबासकी. ती बंद झालेली कळली कधी? तर या बुधवारी, आरशात ट्रेलरशेजारी रिकामं अंगण दिसलं तेव्हा.

कुंभकोणममध्ये सगळं मिळतं. मागं उभं राहून ‘वा’ म्हणणारं माणूस कुठल्या दुकानात मागायचं?

मग काय! गाडी मागं घ्या, उतरा, बघा, चार बोटं डावीकडे. चढा, घ्या, उतरा, बघा, आता वीतभर उजवीकडे! गुडघे कुरकुरतायत, पदर दारात अडकतोय... अकरा वेळा! अकराव्यांदा आवाज आला, खट्ट! बसला! मामी उतरल्या, कमरेवर हात ठेवले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं... सांगायचं कुणाला? लेकीला फोन. ‘पवित्रा, जुळलं गं!’ ‘काय जुळलं अम्मा? मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू?’ मग मोबाइलवर एक अंगठा आला. पिवळा.

गुरुवारी लग्न झकास झालं. सांबाराचा थेंब सांडला नाही. चारशे पानं उठली, पायसाची तारीफ झाली, रसमची झाली, केळफुलाच्या वड्यांची झाली. हे सगळं इथवर आलं कसं, ते चारशेपैकी एकानं विचारलं असेल तर शपथ!

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. चेन्नईच्या कंपनीचा. बाईचा गोड आवाज, ‘आमच्या रिसीव्हरचा तुमचा अनुभव कसा होता? कृपया सांगा.’ मामी खुर्ची ओढून बसल्याच! टेलिफोनवाला, बंपरवाला, गिरणीचा काटा, काथ्याची दोरी, अकरा वेळा, खट्ट, चंद्रमौली, सगळं सगळं सांगितलं. पलीकडून मधे एक अक्षर नाही. केवढं निवांत ऐकून घेतलं हो! आणि सगळं संपल्यावर तो गोड आवाज म्हणाला, ‘क्षमा करा, तुमचं उत्तर समजलं नाही. कृपया पुन्हा एकदा सांगा.’

यंत्र होतं ते. मामींना काय कळलं नाही? कळलं की! पण ‘पुन्हा सांगा’ म्हणणारं दुसरं होतं कोण... मामींनी पदर सारखा केला, घोटभर पाणी प्यायल्या, आणि पहिल्या दुकानापासून सुरुवात केली.