गुरुवारचं खरं उत्तर

शोभाताई, लेकीच्या आजारपणात मी दर गुरुवारी खोटं न बोलण्याचा नेम धरला, तो अजून पाळते.

परदेशी सुनेशी चार शब्द बोलता यावेत म्हणून बुलढाण्याला इंग्रजीच्या क्लासला जाते. सर म्हणाले, "मावशी, कोणी 'हाऊ आर यू' विचारलं, की 'आय ॲम फाइन' म्हणायचं."

"अन् गुडघे दुखून राह्यले तर?"

"तरी फाइनच!"

नेमका गुरुवारीच सुनेचा फोन आला. "हाऊ आर यू, आई?"

खोटं कसं बोलू? म्हटलं, "नॉट फाइन. पेन. यू?"

ती रडतच म्हणाली, "नॉट फाइन, आई."

दोन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याजवळ मोकळी झाली.

तुमची सूनही नेहमी "बरी आहे" एवढंच म्हणते ना? आज आधी तुम्ही तुमचं दुखणं तिला सांगून पाहा.