बंड्याला उडी बंद

(येरवड्यातला फ्लॅट, तिसरा मजला. दार बंद. आत बापूराव आणि त्यांचा कुत्रा बंड्या, बाहेर त्यांची मुलगी प्रियदर्शनी.)

बापूराव : बेल नको गं! आणि ते दारातलं ‘जयभीम बाबा’ तर मुळीच नको. ते ऐकलं की बंड्या झेपच घेतो.

प्रियदर्शनी : म्हणून तर कुजबुजतेय. स्कूटीपण कोपऱ्यावर लावलीये, आवाज ओळखतो म्हणून. उघडा ना. पाचच मिनिटं.

बापूराव : डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस? इंजेक्शननं हृदयातले जंत मरतायत. हा उसळला, धावला, तर मेलेले तुकडे फुप्फुसात जाऊन अडकतील. महिनाभर उडी बंद.

प्रियदर्शनी : तुम्हाला बघून नाही उसळत?

बापूराव : मला बघून जांभई देतो. उसळतो ते तुझ्यासाठीच.

प्रियदर्शनी : हिंजवडीला राहायला जाताना ह्याच जंतांसाठी वर्षभराच्या गोळ्या ठेवल्या होत्या. महिन्याला एक. कॅलेंडरवर खुणासुद्धा केल्या होत्या, बाबा!

बापूराव : जंताची गोळी तीन महिन्यांनी देतच होतो ना. म्हटलं, जंत ते जंत. कशाला मुक्या जनावराला दर महिन्याला औषध? मला काय ठाऊक, पोटातले वेगळे आणि डास चावून होणारे हे वेगळे!

प्रियदर्शनी : विचारायचं तरी!

बापूराव : तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसून लोकांवर ओरडलो, ‘माहीत नसेल तर विचारा हो!’ आणि स्वतः नाही विचारलं. बोल अजून. बोल.

प्रियदर्शनी : नाही बोलत. बाबा, रडताय?

बापूराव : दिवसभर मांडीवर डोकं ठेवून खोकतो गं. माझ्यावरच विश्वास त्याचा. माझ्या हातानं मारलं मी त्याला.

प्रियदर्शनी : अजून आहे तो! असलं काही बोलू नका. खातोय का?

बापूराव : दुधात भाकरी, दोन घास... थांब. उठला.

प्रियदर्शनी : मी मोठ्यानं नाही बोलले!

बापूराव : वास आला असेल. दाराच्या फटीला नाक लावलंय. बस रे बंड्या. कोणी नाही तिथं, बस ना राजा...

प्रियदर्शनी : धरा त्याला!

बापूराव : धरलाय. नुसता थरथरतोय. प्रियू, काय करू मी?

प्रियदर्शनी : मी जाते.

बापूराव : त्याला वाटेल, दारापर्यंत येऊन परत गेली.

प्रियदर्शनी : वाटू दे. रुसायला तरी जगू दे त्याला.

बापूराव : प्रियू... चपला हातात घेऊन उतर. कान जिन्याकडेच लागलेत त्याचे.