राखणीचा वार

“शेळी एकच उरली तरी आपला वार चुकवायचा नाही, इदालिना,” आई मरताना सांगून गेली होती. गावच्या सगळ्या शेळ्यांचा एकच कळप, आणि एकेका घरानं एकेक दिवस तो डोंगरावर न्यायचा. आज इदालिनाचा वार. जपमाळ बोटांत धरून ती पावाच्या गाडीपाशी रांगेत उभी होती. पुढे औगुस्ता आणि एर्मिंदा बोलत होत्या.

“एर्मिंदा, तुमच्याही शेळ्या गेल्या ना गं?”

“काल गेल्या. खाटकाच्या गाडीत चढताना वळून वळून बघत होत्या मेल्या.”

“डोंगराला कुंपण घातल्यावर चारायच्या तरी कुठं? चर्चमध्ये?”

“खाणीचा तो लिस्बनचा साहेब म्हणाला, खाली लिथियम आहे. युरोपच्या विजेवरच्या मोटारींना हवंच. चीनपुढे किती दिवस हात पसरायचे?”

“आणि आपण कुठं राहतो, विचारलंस का? युरोपातच ना?”

“विचारलं. हसून म्हणाला, बाई, कुणाला तरी त्याग करावाच लागतो.”

“त्याच्या अंगणात खण म्हणावं.”

“त्याला अंगण नाही. चौथ्या मजल्यावर राहतो.”

“मग आज राखणीचा वार कुणाचा?”

“कसला वार घेऊन बसलीस? कळपच उरला नाही.”

इदालिनानं पाव पिशवीत टाकला. घरी जाऊन काठी घेतली, आपली एकुलती शेळी सोडली. रिवाजाप्रमाणे प्रत्येक दारापुढे थांबून तिनं शेळ्या सोडा म्हणून हाक दिली. एकही दार उघडलं नाही. मग शेळीला पुढे घालून ती कुंपणाच्या कडेकडेनं डोंगर चढू लागली.