मागे रेललेलं पटांगण

(आमगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, व्हायचं दंडारीचं लोकनाट्य उद्यावर आलं आहे. भर दुपारी अंगणात बसून गोवर्धन राजाच्या मुकुटाला बेगड चिकटवतो आहे. बाराव्या वर्षी तापात त्याचे कान गेले. बोलणं शाबूत राहिलं, समोरच्याचे ओठ पाहून त्याला समजतं. म्हणूनच त्याची बायको रुख्मा आणि दंडारीचा मालक शालीकराम त्याच्याकडे पाठ करून उभे आहेत.)

शालीकराम : तूच सांग वयनी त्याले. माझी जीभ नाही रेटत.

रुख्मा : देश आजाद झाला त्या सालापासून राजा तेच करून राहिले. नऊ मंडया झाल्या. अना आता राजासाठी काऊन चुन्नीलाल आठवला तुमाले?

शालीकराम : आता भोंगा आला ना वो. बोलाच्या डब्यासमोरच उभं राहा लागते. हा डबा सोडून पलीकडे जाते, नाही तं त्यात तोंड खुपसून वरडते. सडक अर्जुनीच्या खेळात भोंगा केकाटला, ह्याले पत्ताच नाही! राजाचा पोरगा मेला तो परवेश, अना लोक पोट धरधरून हासले.

रुख्मा : मंग नोका लावू भोंगा. आधी कुठं होता? ढोलकीची थाप फळीतून त्यायच्या तळपायाले समजे. एक पाऊल चुकलं का कधी?

शालीकराम : गावचे पंच म्हणतात, भोंगा नाही तं दंडार नाही. मी काय करू? मले का बरं वाटून राहिलं?

रुख्मा : अर्जुनीले मी पुढे बसून हातानं सांगतलं त्यायले, लोक रडून राहिले म्हणून. आता कोणत्या तोंडानं सांगू?

गोवर्धन : पाठ फिरवून बोलून राहिले. म्हंजे माझंच हाय काही. काय गा शालीक?

शालीकराम : काही नाही गा...

गोवर्धन : इकडे तोंड करून बोल.

शालीकराम : उद्या राजा चुन्नीलाल करते. तू दरवाज्यावरचा शिपाई. भाला धरून उभा राहाचं. बोलाचं काही नाही.

गोवर्धन : अर्जुनीले हासले म्हणून?

रुख्मा : तुमाले... कोणं सांगतलं?

गोवर्धन : कान गेले, डोळे हायत ना. रडणारा माणूस पुढे वाकते, हासणारा मागे रेलते. सारं पटांगण मागे रेललं होतं. एकटी तू पुढे वाकली होतीस. तुझ्यासाठी केला मी तो परवेश शेवटवर.

रुख्मा : मी खोटं सांगतलं जी तुमाले.

गोवर्धन : मालूम होतं. शालीक, चुन्नीलालले म्हणाव, पोराच्या मढ्याजवळ वरडू नोको. आमचा पोरगा केवळराम गेला, तवा हिनं तोंड उघडलं, अना मले आवाजच नाही आला. गळ्याच्या शिरा दिसल्या फक्त. नऊ वर्षं मी फळीवर तेच करून राहिलो. दुसरं रडणं मले येतच नाही.

शालीकराम : माफ कर गा. शिपाई तं करशील ना?

गोवर्धन : करतो. पाय तं फळीवरच राहतील. हा मुकुट घेऊन जा. चुन्नीलालचं डोस्कं मोठं हाय, मागची दोरी ढिली करजो.

रुख्मा : मी नाही येत उद्या पाहाले. मले नाही पाहावणार.

गोवर्धन : ये. पुढेच बस. शिपायाले इकडं-तिकडं पाहता येत नाही, समोरची तू तेवढी दिसशील. लोक रडले, तं रडले म्हण. या खेपेले खरं सांगजो.